तिसऱ्या खुंटीवरचं चाक

१

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच लिहून देतो. मी बेचाळीस वर्षं सायकलची चाकं बांधतोय. एकदा डोळ्यांवर पट्टी बांधून, एका हातात चहाचा कप धरून मी अठ्ठावीस स्पोकांचं चाक असं सरळ बांधलं होतं, की सकाळी फिरवलं ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबायचं नाव घेईना. तेही कोणी मानत नाही, सोडा. पण नुसत्या रिकाम्या खुंटीकडे बघून मी चोर पकडला, ही गोष्ट त्याहून मोठी आहे. ती सांगितली त्या दिवशी दुकानात आम्ही चौघं होतो.

मालक काउंटरमागे. गणिताचे निवृत्त मास्तर पंक्चर काढायला आलेले, स्टुलावर. मी माझ्या बाकापाशी, समोर चाक ताणायचा स्टँड. आणि दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी, पिशवीत एक हात, अशी ती.

तिला आम्ही एक्सरेताई म्हणतो. दवाखान्यात एक्सरे काढते. श्वास घ्या, धरा, सोडा, असं दिवसातून शंभरदा म्हणते. धाकटा भाऊ गेला त्याच्या चौथ्या दिवशी ती कामावर गेली आणि तेच शंभरदा म्हणून घरी आली.

भावाला सगळे सुसाट म्हणायचे. अकरा महिन्यांपूर्वी डोंगराच्या उतारावर त्याच्या सायकलचं पुढचं चाक फुटलं. ती चाकं नवी होती. हिनंच निवडून घेतलेली, हिनंच घरी बसवलेली, नऊ दिवसांपूर्वी. तेव्हापासून हिच्याकडे एकच प्रश्न आहे. चाकात दोष होता, की माझ्या हातात? रडत विचारत नाही. बस किती वाजता आहे हे विचारावं, तसं विचारते. उत्तर मिळालं नाही तर त्याच आवाजात "बरं" म्हणते.

सायकल आमच्या दुकानात तिसऱ्या खुंटीला, चादरीत गुंडाळून टांगलेली. एका शुक्रवारी ही येऊन म्हणाली, "काका, सोमवारी मशीन रिकामं आहे. पुढच्या चाकाचाच एक्सरे काढते. आतलं दिसेल."

सोमवारी आली. मी सायकल खाली घेतली. तिनं चादर सोडली.

सायकल होती, मागचं चाक होतं. पुढचं नव्हतं.

२

"मग?" मास्तर म्हणाले.

"मग काय, तपास! चार आठवडे करतोय. आज ही उरलेली सायकल न्यायला आली, म्हटलं बस जरा, चोर कोण ते ऐकूनच जा."

"सांगा," ती म्हणाली.

आता चोर कळायचा तर चाक कळलं पाहिजे. ही चाकं निवडायला ती तीन संध्याकाळी माझ्या बाकाशी बसली होती, वही घेऊन. सुसाटची जुनी चाकं अ‍ॅल्युमिनियमची, जड, ब्रेक लागून लागून कडा खोलगट झालेल्या. वाढदिवसाला नवी द्यायची होती. मी म्हटलं, माझ्या हातची अ‍ॅल्युमिनियमचीच घे, नातवंडं वापरतील. ती म्हणाली, त्याला कार्बनची हवीत, त्यानं फोनवर त्यांचा फोटो लावलाय. मी म्हटलं, लोक बायकोचा लावतात. ती हसली होती. तेव्हा हसायची.

मग रिम किती खोल घ्यायचं यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. पन्नास मिलिमीटर दिसायला झकास, पण आडवा वारा आला की हँडल ओढतं, आणि हा सत्तावन्न किलोचा गडी, थेट शेतात जाऊन पडेल. म्हणून अडतीस. पुढे वीस स्पोक, मागे चोवीस. टायर जरा रुंद घ्यायचा, पण फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहते का ते आधी बघायचं. सगळं तिनं वहीत लिहून घेतलं.

"शेवटी मी विचारलं होतं," ती खुर्चीतूनच म्हणाली. "अजून काय लागेल?"

"आणि मी काय म्हटलं?"

"काय लागायचंय! चाक काढ, चाक घाल, बस्स."

"बघा मास्तर, शब्दन् शब्द लक्षात! तुमच्या वर्गात होतं का असं कोणी?"

"माझ्या वर्गात शिकवणाराही जरा सविस्तर होता," मास्तर म्हणाले. मालक हसला. मीही हसलो.

तर सोमवारी मी सगळ्यात आधी काय पाहिलं? कुलूप शाबूत. किल्ल्या दोनच, एक मालकाकडे, एक माझ्याकडे. रविवार बंद. म्हणजे चाक गेलं ते शनिवारी, दुकान उघडं असताना. दुसरी गोष्ट हिनंच दाखवली होती. चाकाला धरून ठेवणारी बारीक दांडी असते, हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीच्या, आरपार जाते. चोरानं चाक नेलं, पण ती दांडी रिकाम्या फोर्कमध्ये परत घालून ठेवली. दोन्ही टोकांच्या इवल्याशा स्प्रिंगा, निमुळतं तोंड आत. नट तीन आटे फिरवून सैल सोडलेला. निम्मे सायकलवाले त्या स्प्रिंगा उलट्या घालतात आणि उरलेल्यांतले निम्मे हरवतात.

"म्हणजे चोर शिकलेला होता," मास्तर म्हणाले.

"तेच तर," मी म्हटलं. "संशयित तीन. आणि पहिला या खोलीतच बसलाय."

मालकाचा हात गल्ल्यावरच राहिला.

३

"मी?" मालक म्हणाला. "माझ्याच दुकानातून मी चोरी करू?"

"चाक तुम्ही विकलेलं. दोष निघाला असता तर पाटी उतरवावी लागली असती."

"काका, शुद्धीवर आहात ना?"

"मी तपासावर आहे. शनिवारी कुठे होतात?"

"इथेच, तुमच्या डोळ्यांसमोर! तुम्हीच दुपारी मला वडे आणायला पिटाळलंत."

"वीस मिनिटं लागली."

"रांग होती!"

मास्तर ट्यूबवरची चिकटपट्टी घासत हसू दाबत होते. पण मालकाचं तोंड उतरलं. जरा वेळानं तो हळूच म्हणाला, "मला ते चाक बघवतसुद्धा नाही. खुंटी सात फुटांवर आहे, तरी गेले दहा महिने मी तिच्याखालून वाकून जातो. बायको विचारते, मान का आखडलीय."

हे खरं आहे. मी त्याला वाकताना रोज पाहायचो. मी स्वतः वाकत नसे. मला काही होत नसे. माझ्या बोटांची टोकं अशीही पंधरा वर्षांपूर्वीच मेली, स्पोक पिळून पिळून. तार किती ताणलीय ते मी छेडून, कानानं ओळखतो. गरम लोखंड धरलं तर आधी वास येतो, मग कळतं.

मालकाला मी सोडला. वड्यांची रांग मी नंतर चौकशी करून पक्की केली, तीन साक्षीदार.

दुसरा संशयित नमुनेवाला. चाकांच्या कंपनीचा फिरता माणूस. दर महिन्याला दोन्ही खांद्यांवर चाकांच्या गोल पिशव्या अडकवून येतो, दारात आला की फुलपाखरासारखा दिसतो. जीभ अशी, की दगडाला रिम म्हणून विकेल. हातात मात्र काही नाही. त्यानं जन्मात कधी चाक काढलेलं नाही. स्वतःची सायकल पंक्चर झाली तर टेम्पोत घालून आमच्याकडे आणतो.

त्या शनिवारी तो आला होता. दोन पिशव्या घेऊन आला, दोन घेऊन गेला. पण येताना डावी पिशवी लोंबत होती, आणि जाताना ताठ.

"हे तुम्हाला दिसलं?" मास्तर म्हणाले. "आणि तेव्हा तुम्ही बोलला नाहीत?"

"तेव्हा मला ते फक्त दिसलं होतं. समजलं सोमवारी."

पुढच्या खेपेला मी त्याला धरला. म्हटलं, नमुनेवाले, अकरा महिन्यांपूर्वीची ती अडतीसवाली खेप, तिच्यात काही भानगड होती का? माणूस पांढरा पडला. म्हणाला, "काका, त्या खेपेबद्दल मला काही विचारू नका." आणि पिशव्या घेऊन असा वळला, की दारात अडकला.

"ते मी पाहिलंय," मालक म्हणाला. "अडकला होता खरा. पण तो दर वेळी अडकतो."

एक्सरेताईचा पिशवीतला हात तेवढा हलला.

"तिसरा कोण?" तिनं विचारलं.

"तिसरा असा आहे," मी म्हटलं, "की त्यानं तुझ्या भावाला शेवटचं पाहिलं."

४

सुसाटचा जोडीदार चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. आठ वर्षं दोघं दर रविवारी बरोबर चालवायचे. त्या दिवशी उतारावर हा वीस हात मागे होता. त्यानंतर त्यानं सायकल विकली. मी गेलो तेव्हा तो पाण्याच्या धारेखाली एक काच धरून बसला होता. मी विचारत राहिलो, तो घासत राहिला.

"चाक तुझ्याकडे आहे का?"

"नाही."

"आठवण म्हणून नेलं असशील, तर मी रागावणार नाही."

"मला ते नकोय काका. मला काहीच नकोय." काच उजेडात धरली, परत पाण्याखाली घातली. "वळणाच्या आधी वास आला. रबर जळल्याचा. मी ओरडलो, ब्रेक सोड, ब्रेक सोड. त्यानं हात वर करून दाखवला, ऐकलं म्हणून. मग आवाज झाला."

एवढंच. ती काच त्यानं इतकी घासली होती, की गिऱ्हाइकाला दुसरी द्यावी लागली असणार.

मास्तरांची ट्यूब चिकटून कधीच तयार झाली होती, ते तरी तिच्यावर अंगठा दाबून बसले होते.

"रबर जळल्याचा वास," शेवटी ते म्हणाले. "म्हणजे ब्रेक?"

"टायर!" मी म्हटलं. "टायर रबराचाच असतो ना? ब्रेकचं मी आधीच तपासलंय. मालक, ती सायकल घ्या खाली."

मालकानं सायकल माझ्या बाकाला टेकवली. मी मास्तरांना समजावलं, कारण गणितवाल्याला पायरी सोडलेली चालत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाला ब्रेकचे पॅड काळ्या रबराचे. कार्बनच्या चाकाला ते चालत नाहीत. उतारावर घासून घासून आग होतात, कार्बनचे थर चिकटवून ठेवणारी रेझिन मऊ पडते, कडा फुगते आणि टायर सुटतो. म्हणून कार्बनच्या चाकाला कॉर्कचे पॅड, फिक्या तपकिरी रंगाचे. ते चाकांबरोबरच येतात, खोक्याच्या तळाला पुठ्ठा असतो त्याच्याखाली, चार पॅडची एक पुडी.

"आणि हे बघा." मी पुढच्या ब्रेकवर बोट ठेवलं. "तपकिरी. मागचे, तेही तपकिरी. कसे कोरे करकरीत! ब्रेकमध्ये काही खोट नाही."

"कोणी बसवले?" एक्सरेताईनं विचारलं.

आवाज तोच, बसची वेळ विचारणारा.

"सुसाटनं," मी म्हटलं. "म्हणजे मीच, पण त्यानं आणून दिले. तू चाकं घातलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी आला होता इथे. याच स्टुलावर बसला. ती पुडी हातात, तुझ्या खोक्यातली, पुठ्ठ्याखालची. म्हणाला, काका, ताईला हे दिसलंच नाही, तिला सांगू नका, उगाच मनाला लावून घेईल. मी दातांनी पुडी फोडली आणि पाच मिनिटांत चारही पॅड बदलून दिले."

"मी कुठे होतो?" मालक म्हणाला.

"वडे आणायला."

या वेळी कोणी हसलं नाही.

"म्हणजे आता एकच उरला," मी घाईनं म्हटलं. "ज्याची पिशवी येताना लोंबत होती."

५

मी नमुनेवाल्याच्या मागावर गेलो. कंपनीचं गोदाम गावाबाहेर. दारावर पहारेकरी, म्हणून मी रद्दीवाल्याचं सोंग घेतलं. त्यांनी मला खरोखरच अकरा किलो रद्दी विकली, ती अजून घरी पडून आहे. गोदामामागे भंगाराचा ढीग. त्यात करवतीनं कापलेले रिमचे तुकडे. त्यातला एक वीतभर तुकडा मी उचलला. अडतीस मिलिमीटर खोल. कापलेल्या कडेला कार्बनचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटलेले, मध्ये रेझिनचा थेंब नाही. कोरडं. कारखान्यातूनच कोरडं आलेलं. ती खेप बनवणाऱ्यांच्या हातून हे झालं, कंपनीला नंतर कळलं, एक्सरे निघाला तर बोभाटा होईल म्हणून नमुनेवाल्याला पाठवलं. त्यानं चाक पिशवीत घातलं, गोदामात नेलं, कापलं.

"तो तुकडा कुठंय?" मास्तर.

"कुत्रं."

"कुत्रं काय?"

"पहारेकऱ्याचं. अंगावर आलं. मी तुकडा फेकून मारला आणि पळालो. वय अडुसष्ट, पण असा पळालो, की एक बस मागे टाकली."

मास्तरांनी ट्यूब खाली ठेवली. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी तिच्याकडे वळलो. बेचाळीस वर्षांत इतकं जपून मी एकही चाक बांधलेलं नाही, जितकं हे वाक्य बांधलं होतं.

"तर ताई, तुझं उत्तर हे. चाकात दोष होता. तुझ्या हातात नव्हता. ने सायकल घरी, आणि झोप आता."

मला वाटलं होतं, ती रडेल. रडली असती तर बरं झालं असतं. मला काही वाटेल, असंही वाटलं होतं. गरम लोखंडाचा आधी वास येतो म्हणालो ना, तसं नुसतं कुठूनतरी काही जळल्यासारखं आलं, बाकी काही नाही.

ती उठली. पिशवी खांद्याला लावून सायकलपाशी आली. वाकून ब्रेककडे पाहिलं, एक्सरे उजेडात धरून बघतात तसं, डोकं जरा तिरकं करून. पुढच्या पॅडवरून नख फिरवलं.

"सुसाट या चाकांवर आठ दिवस फिरला," ती म्हणाली. "मग उतार. या पॅडवर एक ओरखडा नाही. साच्यातली चकाकी अजून आहे."

"चांगल्या प्रतीचे आहेत," मी म्हटलं.

मग तिनं फोर्कमधली दांडी बोटानं हलवली. "निमुळतं तोंड आत. तीन आटे. नमुनेवाल्यानं जन्मात चाक काढलेलं नाही, तुम्हीच म्हणालात. मला असं ठेवायला तुम्ही शिकवलंत. असं ठेवणारे मला दोनच माहीत आहेत. दुसरी मी."

मालक काउंटरमागून बाहेर आला. त्या खुंटीखाली पोचला, पण या वेळी वाकला नाही.

"पोरी, मी गोष्ट सांगतोय," मी म्हटलं. "गोष्टीत थोडं इकडचं तिकडे होतं."

"हो. छान सांगता." तिनं पिशवीतला हात बाहेर काढला. एवढा वेळ जे धरून बसली होती ते माझ्या बाकावर, पान्यांच्या शेजारी ठेवलं. "काल सायकलसाठी जागा करायला पलंगाखालचं चाकांचं खोकं ओढलं. पुठ्ठा निघून आला."

प्लास्टिकची पुडी. आत चार पॅड, फिके तपकिरी. वर छापलेलं, या चाकांना फक्त हेच वापरावेत. चारही कडा बंद. कुठे दाताची खूण नाही.

मास्तरांनी चष्मा काढला. मी पुडी उचलली, बोटांना ती आहे की नाही तेही कळलं नाही. तोंड उघडलं, पुढचं काहीतरी सांगायला, दुसरी पुडी, दुसरं खोकं, काहीही. माझ्याकडे नेहमी असतं.

"त्याच्या ब्रेकला शेवटपर्यंत काळं रबर होतं," ती म्हणाली. "हे तपकिरी तुम्ही नंतर घातलेत. पॅड मी बदललेच नव्हते, आणि बदलायचे असतात हे तुम्ही मला सांगितलंच नव्हतं. चाकात दोष नव्हता. हात माझा होता, तोंड तुमचं होतं. हे खोटं आहे काका, सगळं. श्वास घ्या, आणि चाक कुठे ठेवलंय ते सांगा."